टॅबर्ड: साउथवर्कची हरवलेली सराई आणि ती चालवणारी माणसे

थेम्सकाठ

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेकडे उतरले की बरो हाय स्ट्रीट लागतो. या रस्त्याच्या डाव्या हाताला थोड्याथोड्या अंतरावर अरुंद बोळ फुटतात आणि त्यांतल्या एकाचे नाव टॅल्बट यार्ड असे आहे. माझी नोकरी काही वर्षे या भागात असल्यामुळे मी त्या बोळावरून शेकडो वेळा गेलो असेन. एकदा पावसाची सर आली म्हणून आडोशाला आत शिरलो, तेव्हा भिंतीवरची निळी गोल पाटी प्रथम दिसली. टॅबर्ड सराई या जागी होती आणि चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले, कँटरबरीच्या समाधीला जाणारे यात्रेकरू इथूनच निघाले, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. पाटी वाचून मी मागे वळून पाहिले, तर इमारतींच्या मागच्या भिंती, सांडपाण्याचे नळ आणि सामान उतरवणारी एक गाडी एवढेच दिसले. साडेपाचशे वर्षे जिथे घोडे बांधले गेले, माणसे जेवली, झोपली आणि पहाटे उठून वाटेला लागली, तिथे त्या सराईची एक वीटही उरलेली नाही.

त्या दिवसापासून जमेल तसे वाचत गेलो. मला सर्वांत जास्त ओढ वाटली ती सराई चालवणाऱ्या माणसांची. राजे, बिशप आणि कवी यांच्याविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. रात्री दार उघडून ‘या, जागा आहे’ म्हणणाऱ्या माणसाविषयी फार थोडे सापडते. जे सापडले ते इथे मांडतो आहे.

आधी जागेविषयी. थेम्सवर लंडन शहरात जाण्यासाठी शतकानुशतके हा एकच पूल होता. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत हीच परिस्थिती होती. पुलाचा दरवाजा रात्री बंद होत असे. ज्यांना उशीर झाला त्यांना नदीच्या अलीकडे, साउथवर्कमध्ये, मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ज्यांना पहाटेच दक्षिणेकडे निघायचे असे तेही आदल्या रात्री पूल ओलांडून इथेच येऊन राहत. केंट परगणा, कँटरबरी आणि डोव्हर बंदर यांच्याकडे जाणारा रस्ता इथूनच निघतो. म्हणून या एका रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूला सराईंची रांगच उभी राहिली.

टॅबर्डची जमीन होती विंचेस्टर येथील हाइड मठाच्या ॲबटची, म्हणजे मठाधिपतीची. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मठाने ती घेतली. कामकाजासाठी आणि संसदेच्या बैठकीसाठी लंडनला यावे लागे तेव्हा ॲबटला आपल्या लवाजम्यासह उतरायला घर हवे होते. ते बांधले आणि त्याला लागून सराई उभी केली. घर मठाच्या उपयोगाचे, सराई मठाच्या उत्पन्नाची. टॅबर्ड म्हणजे बिनबाह्यांचा, दोन्ही बाजूंनी उघडा असलेला जाडसर अंगरखा, जो पुढे राजदरबारातले भालदार घालू लागले. अक्षरओळख नसलेल्या वाटसरूला पाटीवर चितारलेला तो अंगरखा दुरून ओळखता येत असे.

रस्त्याकडून कमानीचा दरवाजा, भरलेली मालगाडी आत येईल एवढा. आत चौक, चौकाभोवती वरच्या मजल्यांवर लाकडी कठड्यांचे सज्जे, सज्जांवर खोल्यांची दारे उघडलेली, आणि मागच्या बाजूला तबेले. या बांधणीच्या सराया साउथवर्कमध्ये अनेक होत्या. चॉसरने टॅबर्डविषयी एवढेच सांगितले आहे की खोल्या आणि तबेले प्रशस्त होते आणि सर्वांची उत्तम सोय झाली. एकोणतीस जणांचा जथा एका रात्रीत सामावून घेणारी जागा लहान असणे शक्यच नाही.

चालकांविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो. कोणाला या भागाची माहिती असल्यास अवश्य भर घालावी.

शब्दवेल्हाळ

लेखाची सुरुवात फार आवडली. एक शंका आहे. इंग्रजीत पब चालवणाऱ्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतात, पण तुम्ही तर म्हणता की जमीन मठाची होती. मग लँडलॉर्ड नेमका कोण? आणि ‘सराई’ हा शब्द आपण मुद्दाम निवडला आहे का? धर्मशाळा म्हणता येणार नाही हे उघड आहे, कारण तिथे मुक्कामाचे पैसे घेत नाहीत. खानावळ म्हणावे तर तिच्यात रात्रीचा मुक्काम येत नाही, आणि गुत्ता म्हटले तर या जागेवर अन्याय होईल.

थेम्सकाठ

शब्दांची निवड मलाही अवघड गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये तीन प्रकारच्या जागा होत्या. ‘इन’मध्ये वाटसरू आणि त्याचा घोडा या दोघांची राहण्याजेवण्याची सोय असे, ‘टॅव्हर्न’मध्ये मुख्यतः द्राक्षाची वाइन मिळे आणि गिऱ्हाईक शहरातले, खिशात पैसे असलेले असे, ‘एलहाउस’मध्ये घरगुती एल (एक प्रकारची बिअर) मिळे आणि ते बहुधा एखाद्या राहत्या घराच्या ओसरीएवढेच असे. आज आपण ज्याला सरसकट पब म्हणतो त्यात या तिन्ही धारा मिसळल्या आहेत. टॅबर्ड ही पहिल्या प्रकारची, म्हणून सराई.

लँडलॉर्डविषयीचा आपला प्रश्न तर या इतिहासाच्या मुळाशी जातो. जमिनीचा धनी निराळा आणि गल्ल्यावर बसणारा निराळा, ही व्यवस्था टॅबर्डमध्ये जवळजवळ अखेरपर्यंत होती. मात्र वाटसरूच्या लेखी मालक एकच, जो दारात उभा आहे तो. भाषेनेही वाटसरूचीच बाजू घेतली आणि भाडेपट्ट्यावर सराई चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणू लागली. घोटाळा टळावा म्हणून मी धन्याला ‘जमीनधनी’ आणि सराई चालवणाऱ्याला ‘चालक’ म्हणतो. चॉसर त्याला ‘होस्ट’ म्हणतो. त्याचे ‘यजमान’ असे भाषांतर करतात, पण आपला यजमान पाहुण्याकडून पैसे घेत नाही, आणि हा माणूस तर आधी हिशेब चुकता करून घेतो आणि मगच गप्पांना बसतो.

मोडीवाचक

चॉसरच्या पुस्तकातला टॅबर्डचा चालक हॅरी बेली खरोखर होऊन गेला असे अनेक ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेले असते. मी पेशवे दप्तरातले कागद वाचण्यात बरीच वर्षे घालवली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो की नावावरून माणूस ओळखण्याइतकी फसवी गोष्ट नाही. एकाच गावात, एकाच दशकात, एकाच नावाचे तीन इसम निघतात आणि वंशज चौथ्याचेच असतात. कवीने वापरलेले नाव आणि कागदातले नाव जुळले म्हणून माणूस तोच, असे धरून चालता येणार नाही. आपल्याकडे याहून अधिक काही पुरावा आहे का?

थेम्सकाठ

मोडीवाचककाका, आपण विचारले ते बरे केले. हाती काय आहे ते जसेच्या तसे सांगतो.

चौथ्या रिचर्ड वर्षात, म्हणजे दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षात, १३८०-८१ मध्ये इंग्लंडात डोईपट्टी गोळा झाली. साउथवर्कच्या यादीत ‘हेन्री बेलिफ, ऑस्टलर’ आणि त्याची बायको ख्रिश्चन अशी नोंद आहे आणि पुढे दोन शिलिंग असा आकडा आहे. ऑस्टलर म्हणजे तेव्हाच्या अर्थाने सराईचा चालक. त्याच सुमारास हेन्री बेली नावाचा गृहस्थ साउथवर्कचा प्रतिनिधी म्हणून संसदेत दोनदा बसला होता: १३७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला आणि १३७८ मध्ये ग्लॉस्टरला. चॉसरने कँटरबरीच्या कथा लिहायला घेतल्या त्या १३८७च्या सुमारास, आणि स्वयंपाक्याच्या कथेच्या प्रस्तावनेत त्याने चालकाचे नाव हॅरी बेली असे घातले. हॅरी हे हेन्रीचेच घरगुती रूप आहे.

आता आपल्या शंकेचे वजन मला मान्य आहे. नाव, गाव, धंदा आणि दशक अशा चार गोष्टी जुळतात. परंतु तो टॅबर्डच चालवत होता, शेजारची सराई नव्हे, हे करयादीवरून ठरत नाही. शिवाय कवितेत हॅरीच्या बायकोचे नाव गुडलीफ आहे आणि यादीत ख्रिश्चन. याचा अर्थ कोणी कसाही लावू शकेल. माझे स्वतःचे मत असे की चॉसरच्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी, विशेषतः दरबारी आणि सरकारी नोकरीतल्या मंडळींनी, साउथवर्कचा हा चालक प्रत्यक्ष पाहिलेला होता. चॉसर स्वतः लंडन बंदरावर जकातीचा अधिकारी होता, आणि १३८६ मध्ये केंटचा प्रतिनिधी म्हणून संसदेतही होता. ओळखीच्या माणसाचे नाव ऐकताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावर येणारे हसू त्याला हवे असावे.

या नोंदीतली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे सरासरी एक शिलिंग अशी ती डोईपट्टी होती; नवराबायकोचे दोन शिलिंग झाले. याच पट्टीवरून १३८१च्या जूनमध्ये केंट आणि एसेक्समधले शेतकरी उठले. केंटची फौज लंडनवर चालून आली ती साउथवर्कमधूनच, आणि इथला मार्शलसी तुरुंग तिने फोडला. ज्या करामुळे हेन्री बेलीचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, त्याच करामुळे काही महिन्यांत त्याच्या दारावरून हजारो संतप्त माणसे गेली.

मोडीवाचक

समाधानकारक उत्तर आहे. ‘साउथवर्कचा सराईचालक हेन्री बेली होऊन गेला’ इथपर्यंत मी आपल्यासोबत येतो. ‘टॅबर्डचा चालक’ हे संभाव्य म्हणून मान्य करतो. एक किरकोळ दुरुस्ती सुचवतो: आपल्या प्रतिसादात ‘चौथ्या रिचर्ड वर्षात’ असे शब्द आले आहेत, त्यांमुळे चौथा रिचर्ड नावाचा राजा होता असा वाचकाचा समज होऊ शकतो.

पानगळ

मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवत असे. हॅरी बेलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की यात्रेकरूंकडे पाहण्याआधी या माणसाकडे पाहा, कारण त्याच्याशिवाय हे पुस्तक घडलेच नसते.

चॉसर त्याचे वर्णन करतो ते असे: धिप्पाड, तेजस्वी डोळ्यांचा, बोलण्यात धीट, व्यवहाराचा जाणता, एखाद्या मोठ्या वाड्यातल्या मेजवानीची व्यवस्था पाहायला शोभेल असा. तो सर्वांना पंक्तीला बसवतो, उत्तम अन्न आणि कडक वाइन देतो. जेवणे उरकतात, सगळ्यांचे हिशेब चुकते होतात, आणि त्यानंतरच तो उठून आपली कल्पना मांडतो. वाटेत मुकाट्याने जाण्यात काय मजा, प्रत्येकाने जाताना दोन आणि परतताना दोन गोष्टी सांगाव्यात, आणि ज्याची गोष्ट सर्वांत चांगली ठरेल त्याला परत आल्यावर बाकीच्यांनी जेवण द्यावे. ते जेवण कुठे? याच सराईत. तो स्वतः पदरच्या खर्चाने सोबत येईल, वाट दाखवील आणि निवाडाही करील. जो त्याचा शब्द मोडील त्याने सर्वांचा वाटखर्च भरावा. ज्याने एकदा आपल्या हातचे जेवून पैसे दिले आहेत त्याला परतीच्या जेवणाला बांधून घेणारा हा धंदेवाईक माणूस आहे, आणि त्याच वेळी त्याला गोष्टींची मनापासून हौस आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात, हे चॉसरने नेमके टिपले आहे.

पहाटे तोच सगळ्यांना उठवतो. चॉसर म्हणतो, तो आम्हा सर्वांचा कोंबडा झाला. शहराबाहेर थोड्या अंतरावर सेंट टॉमसच्या ओढ्यापाशी घोडे थांबवून तो चिठ्ठ्या काढायला लावतो. पुढे वाटेत तो भांडतो, मध्ये बोलतो, कंटाळवाणी गोष्ट अर्ध्यावर थांबवतो, आणि ती गोष्ट खुद्द चॉसरची असते. पापमुक्तीचे दाखले विकणाऱ्या पार्डनरशी त्याची इतकी जुंपते की सरदाराला मध्ये पडून दोघांचा समेट घडवावा लागतो. सराई चालवणाऱ्याला रोज रात्री हेच करावे लागत असणार: परस्परांना न शोभणारी माणसे एका छपराखाली सकाळपर्यंत शांततेत ठेवणे.

आणि साउथवर्कच्या एलचा उल्लेखही आहे. पिठाच्या गिरणीवाला म्हणतो की माझ्या तोंडून काही वावगे निघाले तर दोष साउथवर्कच्या एलला द्या. त्या रात्री टॅबर्डमध्ये काय प्यायले गेले याची एवढी साक्ष पुरे आहे.

थेम्सकाठ

मोडीवाचककाका, दुरुस्ती योग्य आहे, तो शब्दप्रयोग माझ्याकडून चुकला. वाचकांनी तिथे ‘दुसऱ्या रिचर्डच्या चौथ्या वर्षात’ एवढेच वाचावे. पानगळताई, आपल्या प्रतिसादानंतर मला तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहिलेला दिसतो आहे. मनापासून आभार.

पुढची हकीकत.

१५३८ हे वर्ष टॅबर्डच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करायला घेतले होते, आणि हाइडचा मठ त्या वर्षी राजाच्या हवाली झाला. त्याच वर्षी कँटरबरीला टॉमस बेकेटची, म्हणजे संत मानल्या गेलेल्या तिथल्या आर्चबिशपची, समाधी फोडून टाकण्यात आली. बेकेटचा खून ११७० मध्ये झाला होता आणि तेव्हापासून साडेतीनशे वर्षे त्याच्या दर्शनाला माणसे याच रस्त्याने जात होती. एका वर्षात सराईचा जमीनधनीही गेला आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईकही गेले. तरीही सराई बंद पडली नाही, कारण तिचे पोट एकट्या यात्रेवर कधीच अवलंबून नव्हते. केंट, ससेक्स आणि सरे इथल्या गावांतून ठरलेल्या वारी मालगाड्या येत, गाडीवाल्यांचे ठरलेले मुक्काम असत, कोर्टकचेरीची माणसे येत. १५४४ मध्ये जॉन मास्टर आणि टॉमस मास्टर या दोघांना टॅबर्ड मिळाली, ॲबटच्या घरासकट.

त्यानंतर जो चालक नावानिशी पुढे येतो तो प्रेस्टन. टॉमस स्पेटने चॉसरचे समग्र साहित्य छापले, त्यात टॅबर्ड या शब्दावर टीप देताना त्याने लिहिले आहे की ही सराई काळाच्या ओघात फार मोडकळीला आली होती, परंतु आता जे. प्रेस्टन यांनी ती, शेजारच्या ॲबटच्या घरासह, दुरुस्त केली आहे आणि पुष्कळ पाहुणे राहू शकतील अशा सोयीच्या खोल्या वाढवल्या आहेत. ही टीप वाचताना मला फार समाधान वाटले. चॉसरनंतर दोनशे वर्षांनी एका चालकाने ॲबटचे घर आणि सराई दोन्ही दुरुस्त केली, आणि एका संपादकाने त्याची आठवणीने नोंद केली.

मग २६ मे १६७६. लंडनच्या मोठ्या आगीला दहा वर्षे होत होती. साउथवर्कची आग जॉर्ज आणि टॅबर्ड या दोन सरायांच्या मधल्या एका तेलवाल्याच्या घरातून पेटली, असे त्या काळच्या वृत्तांतात आहे. सुमारे पाचशे घरे गेली. आगीची वाट तोडण्यासाठी काही घरे दारूगोळ्याने उडवावी लागली. चॉसरच्या काळापासून उभे असलेले जे काही टॅबर्डमध्ये शिल्लक होते ते त्या दिवशी जळाले.

सराई त्याच जागेवर पुन्हा बांधली गेली, पुन्हा चौक आणि सज्जे घेऊन, पण नाव बदलले. टॅबर्डची टॅल्बट झाली. टॅल्बट म्हणजे पांढऱ्या शिकारी कुत्र्याची एक जात. जॉन ऑब्री या सरे परगण्याच्या इतिहासकाराने यावर चिडून लिहिले आहे की अडाणी मालकाने, नाहीतर भाडेकरूने, टॅबर्डच्या प्राचीन पाटीऐवजी कुत्रा टांगला. ऑब्रीने त्या चालकाचे नाव लिहिलेले नाही. ज्याने साउथवर्कमधले सर्वांत प्रसिद्ध नाव पुसले, त्याचे स्वतःचे नाव त्याच्या टीकाकारानेही लिहून ठेवले नाही. मला त्याचा राग येतो, हे लपवत नाही.

मोडीवाचक

त्या अनाम चालकाची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. त्याची सराई जळाली होती. सारा माल, बिछाने, चारा, गाड्या, सगळे गेले असणार. अशा माणसाने कर्ज काढून पुन्हा चौक उभा केला, हेच मोठे काम होते. टॅबर्ड म्हणजे काय हे १६७६ मध्ये किती वाटसरूंना ठाऊक असेल? अंगरख्याचा तो प्रकार रोजच्या वापरातून गेला होता. भालदारापलीकडे तो कोणी घालत नव्हते. दोन्ही शब्द उच्चाराला जवळचे आहेत. गाडीवाल्यांच्या तोंडी टॅबर्डचे टॅल्बट आधीच झाले असेल आणि चितारी तेवढा नंतर आला असेल, ही शक्यता मी नाकारणार नाही. आपल्या गावोगावच्या नावांचे लोकांच्या तोंडी काय होते हे आपण रोज पाहतो.

थेम्सकाठ

आपला मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, आणि तो पटतो. शिवाय त्याच्यानंतरच्या चालकांनी जुनी ओळख सोडली नव्हती. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या तुळईवर मजकूर रंगवलेला होता की सर जेफ्री चॉसर आणि एकोणतीस यात्रेकरू १३८३ मध्ये कँटरबरीला जाताना या सराईत उतरले होते. चॉसरला ‘सर’ हा किताब कधीच मिळाला नव्हता, आणि ते वर्षही आजच्या अभ्यासकांच्या हिशेबाने तीनचार वर्षे आधीचे आहे. तरीही कुत्र्याच्या चित्राखाली कवीचे नाव जपणाऱ्या त्या चालकांविषयी माझ्या मनात आदर आहे. रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या धोकादायक म्हणून १७६०च्या दशकात लंडनभर उतरवल्या गेल्या, तेव्हा तो मजकूरही उतरला.

जुनापूल

शेजारच्या सरायांविषयी थोडे. व्हाइट हार्टमध्ये १४५० साली जॅक केड या बंडखोराने तळ ठोकला होता. याच व्हाइट हार्टच्या चौकात कादंबरीकार डिकन्सने आपल्या नायकाला, पिकविकला, त्याचा नोकर सॅम वेलर भेटवला. डिकन्सला हा भाग लहानपणापासून ठाऊक होता; त्याचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते, आणि बारा वर्षांचा हा मुलगा त्यांना भेटायला याच रस्त्याने येत असे.

क्वीन्स हेड ही सराई टॅबर्डपासून जवळच. ती जॉन हार्वर्डला आईकडून वारशाने मिळाली. हार्वर्ड हा साउथवर्कच्या खाटकाचा मुलगा, जन्म १६०७ चा. १६३७ मध्ये तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. मरताना त्याने आपली अर्धी मालमत्ता आणि सुमारे चारशे पुस्तके तिथल्या नव्या महाविद्यालयाला दिली, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. आज जगभरातून, अगदी पुण्यामुंबईहूनही, मुले तिथे शिकायला जातात. त्या देणगीच्या मुळाशी साउथवर्कच्या सराईचे उत्पन्नही होते, हे फार थोड्यांना माहीत असेल.

थेम्सकाठ

जुनापूल यांनी हार्वर्डची आठवण काढली याचा आनंद झाला.

आता शेवटचा भाग, जो लिहायला मला सर्वांत जड जातो. सराया आगीतून उठल्या, पण आगगाडीपुढे टिकल्या नाहीत. १८३६ मध्ये लंडन ब्रिज स्टेशन सुरू झाले, तेही या सरायांपासून हाकेच्या अंतरावर. ज्याला पूर्वी साउथवर्कमध्ये रात्र काढावी लागे तो आता त्याच दिवशी घरी जाऊ लागला. घोडागाड्या बंद झाल्या, तबेले रिकामे पडले. केंटमधून येणारे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुले, यांचा व्यापार याच बरो भागात एकवटलेला होता, आणि १८६७ मध्ये त्याची स्वतंत्र बाजारइमारतही जवळच उभी राहिली. त्यामुळे या चौकांना गोदामे म्हणून भाडेकरू मिळत राहिले. टॅल्बटच्याही खोल्यांत पाहुण्यांच्या जागी माल आला. त्या काळातली चित्रे आणि छायाचित्रे पाहिली तर सज्जांचे कठडे वाकलेले दिसतात आणि चौकात गाड्या उभ्या दिसतात, पण सज्जात माणूस क्वचितच दिसतो. १८७३ मध्ये ती पाडण्यात आली. व्हाइट हार्ट १८८९ मध्ये गेली.

एकटी जॉर्ज उरली, तीही अर्धीमुर्धी. १६७६च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ही सराई १८७४ मध्ये एका रेल्वे कंपनीने विकत घेतली आणि १८८९ मध्ये तिच्या तीनपैकी दोन बाजू पाडून टाकल्या. दक्षिणेची एक बाजू वाचली. ती इतकी वर्षे जिवंत राहण्याचे मोठे श्रेय मी मरे मायलेकींना देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३०च्या दशकापर्यंत अमेलिया मरे आणि नंतर तिची मुलगी ॲग्नेस यांनी ती चालवली, आणि आजूबाजूच्या सगळ्या सराया जमीनदोस्त होत असताना इथे पाहुण्यांना खोल्या आणि जेवण मिळत राहिले. १९३७ मध्ये ही इमारत ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. लंडनमध्ये सज्जांची सराई आता ही एवढीच आहे. टॅबर्ड कशी होती हे पाहायचे असेल तर जॉर्जच्या चौकात उभे राहून वर पाहावे. वरच्या मजल्यावरची जमीन एका बाजूला कललेली आहे, आणि काळ्या पडलेल्या कठड्यावर जिथे हात टेकतात तिथले लाकूड गुळगुळीत झाले आहे.

शब्दवेल्हाळ

चिझिकमध्येही टॅबर्ड नावाचा पब पाहिल्याचे आठवते. तो हाच का?

थेम्सकाठ

नाही. तो बेडफर्ड पार्क वसाहतीसाठी १८८० मध्ये रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने बांधला, आणि नाव जुन्या सराईवरून घेतले. मूळची टॅबर्ड पाडून तेव्हा सातच वर्षे झाली होती. साउथवर्कमध्ये टॅबर्ड स्ट्रीटही आहे. तो पूर्वीचा केंट स्ट्रीट, ज्यावरून यात्रेकरू शहराबाहेर पडत. नाव असे दोन ठिकाणी गेले आणि मूळ जागेला मात्र टॅल्बट चिकटून राहिला.

रात्रपाळी

मी गाइज हॉस्पिटलमध्ये काम करते. हा धागा वाचून काल ड्युटी संपल्यावर मुद्दाम बरो हाय स्ट्रीटच्या त्या बाजूने चालत गेले. आदल्या दिवशी मी जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ मध्ये केलेली लंडनची पाहणी शोधून काढली होती. त्यात त्याने या बाजूच्या सराया पुलाच्या दिशेने येताना ओळीने दिल्या आहेत: स्पर, क्रिस्टफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. सर्वांत जुनी टॅबर्ड, असेही तो म्हणतो.

मी पुलाकडून निघाले, म्हणून यादी उलटी वाचत गेले. पहिला बोळ किंग्ज हेड यार्ड. त्यानंतर व्हाइट हार्ट यार्ड. त्यानंतर जॉर्ज इन यार्ड, जिथे चौकात माणसे ग्लास घेऊन उभी होती. त्यानंतर टॅल्बट यार्ड. चारशे वर्षांपूर्वीचा क्रम चारही बोळांना तंतोतंत लागू पडला, फक्त चौथ्या ठिकाणी स्टोच्या यादीत टॅबर्ड आहे आणि भिंतीवर टॅल्बट. आत जाऊन निळी पाटी पाहिली. २००३ मध्ये विनोदी अभिनेते आणि चॉसरचे अभ्यासक टेरी जोन्स यांच्या हस्ते ती लागली, असे नंतर वाचले. सकाळचे साडेआठ वाजले होते, बोळात कोणी नव्हते, आणि कमानीच्या जागी रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या दिसत होत्या. मी दोन मिनिटे थांबले आणि मग स्टेशनकडे वळले.

थेम्सकाठ

आपण उलट क्रमाने चालून पाहिलेत, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. पुढच्या शनिवारी मी टॅबर्ड स्ट्रीटच्या बाजूने, म्हणजे स्टोच्याच दिशेने, चालत येईन आणि स्पर, क्रिस्टफर आणि बुल यांच्या खुणा कुठे उरल्या आहेत का ते शोधीन. आपल्याला सवड असेल तर साडेदहाला जॉर्जच्या चौकात भेटू.